परदेशातली पोस्टिंग आणि कंपनीवरचा जीव

परदेशात नोकरी करणाऱ्यांनी आपले प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. मला वाटलेलं पगार, व्हिसा, मुलांच्या शाळा असं काहीतरी येईल, तेही आलंच, पण पत्रं वाचता वाचता एक दुखणं परत परत दिसत होतं ते म्हणजे "काम". तिथे गेल्यावर हातात आलेलं काम कसं आहे, आणि त्यामुळे कंपनीबद्दल जे वाटायचं ते कसं बदलत गेलं. हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, बरीच वर्षं लोकांना परदेशी पोस्टिंगवर पाठवायचंच काम मी केलं आणि त्याआधी स्वतःही गेले होते, म्हणून या वेळी चारच पत्रं घेतलीत आणि जरा ऐसपैस बोलणार आहे. नावं अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी प्रोसेस इंजिनिअर आहे. कंपनीने ३ वर्षांसाठी परदेशातल्या प्लांटवर पाठवलंय, आता १४ महिने झाले. पगार चांगला, राहायला घर, वर्षातून एकदा सगळ्यांची तिकिटं, तक्रार करायला तोंडच नाही. पण इथे आल्यापासून कंपनीबद्दलची आपुलकीच गेलीय. आधी रात्री ११ला फोन आला तरी उठून प्लांटवर जायचो, आता ५ वाजले की लॅपटॉप बंद. साधं गॅस्केट (पाइपच्या जोडातून गळू नये म्हणून बसवतात ते पॅकिंग) दुसऱ्या मेकचं, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं, घ्यायचं तरी हेड ऑफिसचं अप्रूव्हल, आणि आमचा दिवस संपतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. लोकल टीम माझ्या तोंडाकडे बघते आणि मी म्हणतो, मेल टाकलाय. बायको म्हणते तुला घरची आठवण येते म्हणून असं होतंय. मी कृतघ्न झालोय का?

उत्तर : नाही हो. घरची आठवण येत असेलही पण तुमच्या पत्रात घराबद्दल एक ओळ नाहीये, सगळं पत्र कामाबद्दल आहे, ते तुम्हीच परत एकदा वाचून बघा.

माणूस तोच, कंपनी तीच, पगार तर वाढलाय, मग बदललं काय? कामाचा साचा बदललाय. आधीच्या प्लांटवर अशा दहा गोष्टींवर तुम्ही स्वतः सही करत असणार, रात्री उठून जायचात कारण तिथे पोचल्यावर तुमच्या शब्दाने काहीतरी व्हायचं. आता तुमच्या हातात उरलंय ते "मेल टाकलाय". प्रॉब्लेम समोर दिसतोय, उत्तर माहितीये, टीम वाट बघतेय आणि तुम्ही निरोप पोचवणारे झालात, त्यात परक्या देशात जिथे लोक तुम्हाला अजून ओळखत नाहीत आणि तुमच्या हातात काय आहे यावरूनच तुमची किंमत करतायत. यात कुठल्या माणसाला कंपनी आपली वाटेल सांगा.

आता हे फक्त माझं म्हणणं नाही. हॅकमन आणि ओल्डहॅम या दोन संशोधकांनी १९७०च्या दशकात कामाच्या रचनेचं एक मॉडेल मांडलं जे आजही एचआरच्या कोर्सेसना शिकवतात. कामात पाच गोष्टी बघायच्या. वेगवेगळी कौशल्यं लागतात का, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपलं म्हणता येतं का की मधलाच तुकडा हातात येतो, त्याने कोणाला फरक पडतो का, निर्णय आपल्या हातात किती, आणि काम बरं झालं की वाईट हे आपल्याला कळतं का, म्हणजे फीडबॅक. प्रत्येकाला १ ते ७ मार्क. गंमत पुढे आहे, पहिल्या तिघांची सरासरी काढायची आणि मग तिला निर्णयाच्या मार्कांनी गुणायचं आणि परत फीडबॅकच्या मार्कांनी गुणायचं. बेरीज नाही, गुणाकार! तुमचं उदाहरण घेऊ, काम कौशल्याचं, महत्त्वाचं, पूर्ण, तिन्हीला ६-६ मार्क देऊ, सरासरी ६. निर्णयाचं स्वातंत्र्य १, फीडबॅक २. सहा गुणिले एक गुणिले दोन, झाले १२. आणि एखादं साधं काम, पहिल्या तिघांत ४-४ मार्क पण निर्णय ५ आणि फीडबॅक ५, त्याचे होतात १००. सगळ्यात जास्त होऊ शकतात ३४३. म्हणजे तुमचं काम मुळात भारी असूनही १२ वर का अडकलंय ते कळलं ना. हा फॉर्म्युला तंतोतंत मोजमाप म्हणून धरू नका, गुणाकारच योग्य का यावर अभ्यासकांचे वाद झालेत, पण दुखतं कुठे ते तो बरोबर दाखवतो.

परदेशी पोस्टिंगवाल्यांबद्दल तर ब्लॅक आणि ग्रेगरसन या संशोधकांनी १९९२ मध्ये खास लिहिलंय. त्यांचं म्हणणं असं की बाहेर पाठवलेल्या माणसाची निष्ठा एकच नसते, दोन असतात, एक पाठवणाऱ्या मूळ कंपनीशी आणि एक तिथल्या ऑफिसशी. त्यावरून त्यांनी चार प्रकार केले, मन मागेच ठेवून आलेले, तिथलेच होऊन गेलेले, दोन्हीकडचे झालेले आणि कोणाचेच नसलेले. हे चौथे म्हणजे आपलं करिअर बघणारे, उद्या दुसरीकडून चांगला फोन आला की निघाले. आणि माणूस दोन्हीकडचा कशाने होतो हे शोधताना त्यांना जी गोष्ट सगळ्यात ठळक दिसली ती होती कामात मिळणारी मोकळीक, काय करायचं, कसं करायचं, कधी करायचं हे ठरवायची मुभा. तुम्ही आत्ता त्या चौथ्या प्रकाराकडे सरकताय असं मला वाटतं, आणि त्याचंच तुम्हाला वाईट वाटतंय, ज्याला काहीच वाटत नाही तो असं पत्र लिहीत नाही.

मी स्वतः दीड वर्ष बाहेर होते तेव्हाची गोष्ट सांगते. दर शुक्रवारी मला १२ पानी रिपोर्ट हेड ऑफिसला पाठवायचा असायचा, गुरुवारची संध्याकाळ त्यातच जायची. एकदा लक्षात आलं की सातव्या पानावरचा तक्ता तीन आठवडे जुनाच जातोय, माझीच चूक, आकडे बदललेच नव्हते. घाबरत घाबरत फोन करून सांगितलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "कोणता तक्ता?" बस. मी फोन ठेवला आणि बराच वेळ खुर्चीत तशीच बसून राहिले. पगाराची चिंता नव्हती, बॉसही वाईट नव्हता, पण त्या दिवशी माझ्यातून काहीतरी निघून गेलं ते त्या कंपनीत परत कधी आलंच नाही, वर्षभरात मी राजीनामा दिला. त्या दोन शब्दांमुळे मी सोडलं असं एक्झिट इंटरव्ह्यूत सांगायला मला जमलं नाही, "वैयक्तिक कारण" असं लिहून दिलं. अशी किती वैयक्तिक कारणं फायलींमध्ये पडून असतील.

तर तुम्ही आता काय करायचं. तीन आठवडे एक वही ठेवा, वर पाठवलेला प्रत्येक निर्णय त्यात लिहा, कधी पाठवला, उत्तर कधी आलं, काय आलं, आणि तुम्ही सुचवलं होतं त्यापेक्षा ते वेगळं होतं का. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा उत्तर "ओके, गो अहेड" एवढंच असतं. मग ती वही घेऊन बॉसशी बोला, मला स्वातंत्र्य द्या असं मोघम बोलू नका, असं बोललं की समोरचा सावध होतो. नेमकं मागा, या रकमेपर्यंतची खरेदी आणि या प्रकारचे बदल मी माझ्या सहीने करीन आणि महिन्यातून एकदा यादी पाठवीन, सहा महिन्यांनी बघू. आणि एक, प्लांटचं आहे म्हणून बोलते, गॅस्केटचं मटेरियल किंवा रेटिंग (म्हणजे ते किती दाब झेलू शकतं) बदलायचं असेल तर ते रीतसर तपासून घ्यायलाच हवं, ते सेफ्टीचं आहे, त्यात मोकळीक मागू नका. मटेरियल तेच, रेटिंग तेच आणि मेक फक्त दुसरा, एवढ्यासाठी जर अप्रूव्हल अडत असेल तर ते बदलून घेण्यासारखं आहे. आणि बायकोला हे उत्तर दाखवा, तीही काळजीत असणार.

प्रश्न : मी एका मोठ्या कंपनीत एचआरमध्ये आहे. बाहेर पाठवलेल्या लोकांसाठी आम्ही काय नाही करत, घर, मुलांची शाळा, भाषेचा क्लास, मेडिकल, येण्याजाण्याची तिकिटं. तरी लोक मुदतीआधी परत येतात किंवा तिथेच दुसरी कंपनी धरतात. मॅनेजमेंट म्हणतं पॅकेज अजून वाढवा. वाढवून उपयोग होईल का?

उत्तर : थोडे दिवस होईल.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांच्या मुलाखतींवरून एक गोष्ट मांडली होती, की पगार, सोयी, नियम या गोष्टी कमी पडल्या की माणूस नाराज होतो पण भरपूर दिल्या म्हणून कामात जीव ओततोच असं नाही, जीव ओततो तो कामातूनच, जबाबदारी, काहीतरी तडीस नेल्याचं समाधान, कोणीतरी दखल घेणं यातून. त्यांच्या पद्धतीवर नंतर पुष्कळ टीका झाली आणि ती रास्तही होती, पण तुमच्या यादीकडे बघा, घर शाळा तिकीट मेडिकल, त्यात कामाबद्दलची एकही गोष्ट नाही. तुम्ही माणसाचं बाहेरचं सगळं आयुष्य लावून दिलंय, ते करायलाच हवं होतं, त्यात कमी करू नका, फक्त सकाळी ९ ते संध्याकाळी ६ त्याच्या हातात काय आहे हे कोणी बघितलेलंच नाहीये.

ब्लॅक, मेंडेनहॉल आणि ओडू यांनी १९९१ मध्ये परदेशात रुळण्याचं मॉडेल मांडलं त्यात कामाच्या भूमिकेच्या चार गोष्टी आहेत. भूमिका स्पष्ट असणं आणि त्यात मोकळीक असणं या रुळायला मदत करतात, आणि भूमिकेत ओढाताण असणं आणि सगळंच नवं असणं या अडवतात. २००५ मध्ये ६६ अभ्यास एकत्र करून, ८ हजारांहून जास्त लोकांची माहिती घेऊन हे तपासलं गेलं तेव्हा ते मॉडेल बऱ्यापैकी टिकलं. आणि जो कामात रुळत नाही तो कंपनीशी बांधला कसा जाणार.

यातली ओढाताण मला सगळ्यात वाईट वाटते कारण ती कंपनी स्वतः तयार करते. हेड ऑफिस म्हणतं खर्च कमी करा, लोकल हेड म्हणतो माणसं वाढवा, आणि मध्ये तुमचा माणूस, कागदावर एकाला रिपोर्टिंग, दुसऱ्याला डॉटेड लाईन (म्हणजे दुय्यम रिपोर्टिंग), अप्रेझल करणार तिसराच ज्याने त्याचं काम डोळ्यांनी बघितलेलं नाही. दोघांनाही खूश करता करता तो दोघांच्याही नजरेतून उतरतो. माझ्या हाताखालून पोस्टिंगवर गेलेल्यांमध्ये जे लवकर परत आले त्यांच्याशी मी नंतर निवांत बसून बोलायचे, तेव्हा "तिथलं हवामान सोसलं नाही" ने सुरू झालेलं बोलणं शेवटी यावरच यायचं, की नक्की कोणाचं ऐकायचं तेच कळत नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं, पॅकेजचा पुढचा पैसा बाजूला ठेवा आणि माणूस पाठवायच्या आधी तीन गोष्टींवर दोन्हीकडच्या बॉसना एका कॉलवर बसवून त्यांच्याकडून लिहून घ्या. हा माणूस का चाललाय (जागा भरायला, शिकायला, का हेड ऑफिसची पद्धत तिकडे रुजवायला, याची उत्तरं वेगळी असतील तर काम वेगळं आखावं लागतं). दोघांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा. आणि कोणते निर्णय तो न विचारता घेणार. त्या कॉलवर भांडण झालं तर होऊ द्या, तुमच्या समोर झालेलं बरं, नाहीतर ते भांडण वर्षभर त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर होतं. जुना माणूस आणि नवा माणूस निदान तीन-चार आठवडे एकत्र असू द्या, आपल्याकडे हँडओव्हर म्हणजे एक एक्सेल फाईल आणि विमानतळावरून केलेला फोन असं चालतं.

अजून एक गोष्ट विसरली जाते, परत आल्यावरचं काम. बाहेर अख्खं युनिट सांभाळून आलेल्या माणसाला परत आल्यावर तुम्ही "सध्या इथे बसा, बघू" म्हणता. त्याची मोकळीक एका दिवसात काढून घेतली जाते आणि तो सोडून गेला की तुम्हाला धक्का बसतो. परतायच्या सहा महिने आधी त्याचं पुढचं काम ठरलेलं हवं, आणि ते बाहेरच्या कामापेक्षा फार लहान नको.

प्रश्न : मॅडम मी परदेशात मेंटेनन्स टेक्निशियन आहे, कॉन्ट्रॅक्टवर, व्हिसा कंपनीच्या नावावर. सहा वर्षं एकाच कंपनीत आहे म्हणून मागच्या महिन्यात मला लॉयल्टीचं सर्टिफिकेट दिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगू का, मला सोडता येत नाही म्हणून मी आहे. घरी कर्ज आहे, नोकरी सोडली तर व्हिसा जातो. ते सर्टिफिकेट घेताना मला लाज वाटली. यात माझं चुकतंय का?

उत्तर : दादा, तुमचं काहीच चुकत नाहीये आणि लाज तुम्ही वाटून घेऊ नका.

तुम्ही जे लिहिलंत त्याला अभ्यासात नाव आहे. मेयर आणि ॲलन यांनी १९९१ मध्ये सांगितलं की माणूस कंपनीत तीन वेगळ्या कारणांनी राहतो, राहावंसं वाटतं म्हणून, राहायला पाहिजे असं मनाला वाटतं म्हणून, म्हणजे उपकाराची जाणीव वगैरे, आणि सोडणं परवडत नाही म्हणून. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, हजेरी लागते, वर्षं मोजली जातात. पण आतून फार फरक आहे. राहावंसं वाटणारा माणूस न सांगता मशीनचा आवाज बदलल्याचं कळवतो, आणि अडकलेला माणूस सांगितलेलं काम करून गप्प बसतो, नियम मोडत नाही पण स्वतःहून काही देतही नाही. तुमच्यासारख्यांची सहा वर्षं मोजून कंपनीला वाटतं आपली माणसं खूश आहेत, ही तिची चूक, तुमची नाही.

वरच्या दोन उत्तरांत मी मोकळीक मोकळीक करत राहिले पण इंजिनिअर जसं बॉसशी बोलू शकतो तसं तुम्ही बोललात तर तुमच्या नोकरीवर येऊ शकतं, हे मला कळतं, तेव्हा तुम्हाला मी तोच सल्ला देणार नाही. कामाची रचना बदलणं ही तुमच्या कंपनीची जबाबदारी आहे. आणि खरं तर टेक्निशियनच्या कामात ती बदलणं सोपं असतं, एका माणसाला एक मशीन नीट सोपवली, तिची हिस्ट्री त्याच्याकडे ठेवली, त्याने केलेली दुरुस्ती किती दिवस टिकली ते त्याला सांगितलं, तरी काम अख्खं आणि आपलं होतं. त्याऐवजी रोज सकाळी चिठ्ठी मिळते, आज इथे जा, हे खोल, संध्याकाळी दुसरीकडे जा, आणि कालच्या मशीनचं काय झालं ते कधीच कळत नाही. कोणी मॅनेजर हे वाचत असेल तर एवढं एक करून बघा, याला पैसे लागत नाहीत.

तुमच्या हातात जे आहे ते छोटं आहे पण सांगते. रेझ्नेस्की आणि डटन यांनी २००१ मध्ये मांडलं की लोक आपलं काम आतल्या आत थोडं थोडं बदलून घेतात, हॉस्पिटलमधले काही सफाई कामगार पेशंटशी बोलणं, त्यांना बरं वाटेल असं बघणं हेसुद्धा आपलंच काम मानायचे, असं उदाहरण त्यांनी दिलं होतं. तुम्ही स्वतःसाठी एक डायरी ठेवा, कोणती मशीन, काय बिघाड, काय केलं, किती टिकलं. ही डायरी कंपनीसाठी नाही, तुमच्यासाठी, उद्या दुसरीकडे इंटरव्ह्यू द्यायची वेळ आली तर हीच तुमची खरी शिदोरी, नुसतं वर्षांचं सर्टिफिकेट तिथे फार कामाला येत नाही. आणि सुटायचा रस्ता दिसायला लागला की त्याच कामाकडे बघायची नजर बदलते असं मी पुष्कळांच्या बाबतीत बघितलंय, मग राहिलात तरी तुम्ही ठरवून राहिलेले असता.

एक विचारते, पत्रात नव्हतं म्हणून. पासपोर्ट तुमच्याच ताब्यात आहे ना? कागदपत्रं काढून ठेवणं हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या मजुरीच्या खुणांमध्ये धरलंय. तसं असेल तर तो लॉयल्टीचा किंवा कामाच्या रचनेचा विषयच राहत नाही, आपल्या दूतावासाशी बोला, आणि मला परत लिहा.

प्रश्न : ताई मी स्वतःच अर्ज करून बाहेर नोकरी मिळवली, सॉफ्टवेअरमध्ये, दोन महिने झाले. इथे पूर्ण फ्रीडम आहे, कोणी काही सांगत नाही, कोणी विचारत नाही. सगळे म्हणतात किती लकी आहेस. मला मात्र रोज सकाळी पोटात गोळा येतो. मला फ्रीडम झेपत नाही का?

उत्तर : अगं, तुला जे मिळालंय त्याला मी मोकळीक म्हणणारच नाही. काय करायचंय, कशासाठी आणि ते झालं हे कशावरून ठरणार, हे माहीत असताना "कसं" ते तुझं तू ठरव असं सांगितलं तर ती मोकळीक. तुला "काय" हेच कोणी सांगितलेलं नाही, त्यात देश नवा, टीम नवी आणि तुला पाठवणारी कंपनीही मागे नाही जिला फोन करून विचारता येईल. पोटात गोळा येणारच. सगळे लोक मोकळीक सारखीच मागतात असंही नसतं, हॅकमन-ओल्डहॅम यांनीच म्हटलंय की कामातून वाढायची ओढ ज्याची त्याची वेगळी असते, पण दोन महिन्यांत तू स्वतःबद्दल तो निष्कर्ष काढू नकोस.

येत्या सोमवारी मॅनेजरकडे अर्धा तास माग. पुढच्या ९० दिवसांत मी कोणत्या दोन गोष्टी पूर्ण केल्या तर तुम्ही म्हणाल की हिला घेतलं ते बरं झालं, एवढंच विचार. उत्तर तिथल्या तिथे लिहून घे आणि त्याच दिवशी त्याला मेल कर, की मला असं समजलंय, बरोबर आहे ना. मग दर पंधरा दिवसांनी १५ मिनिटं, तीही तूच कॅलेंडरवर टाक, ते कोणी टाकेल याची वाट बघू नकोस. मॅनेजरला स्वतःलाच उत्तर देता आलं नाही तर तेही कळव मला, मग आपण वेगळं बोलू.